एका मंत्राला किती गुंठे?

सहा सेकंद. एवढ्या वेळात माणूस फार तर बुटाची नाडी बांधतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातला पाचव्या लेव्हलचा विझर्ड तेवढ्याच वेळात एक गुंठा जमीन पेटवून मोकळा होतो!

खोटं वाटतं? मोजून बघू. मंत्राचं नाव फायरबॉल, त्रिज्या २० फूट. वर्तुळाचं क्षेत्रफळ आलं १,२५७ चौरस फूट. गुंठा असतो १,०८९ चौरस फुटांचा. म्हणजे पुरा एक गुंठा आणि वर १६८ चौरस फुटांची एक खोली. ही झाली नुसती जमीन. फायरबॉल हा गोळा आहे, त्याला उंचीही आहे. गोळ्याचं आकारमान साडेतेहतीस हजार घनफूट. लिटरमध्ये साडेनऊ लाख! उन्हाळ्यात गावात येतो तसा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. असे ९५ टँकर रांगेत उभे करा आणि सगळे पाण्याऐवजी आगीने भरा. त्यासाठी भांडवल काय लागतं? वटवाघळाची विष्ठा आणि गंधक यांची एक बारीकशी गोळी. बस्स.

फायरबॉलचं नुकसान ठरतं ८ फाशांवर. साधे, सहा बाजूंचे, सापशिडीतले फासे. बेरीज ८ ते ४८, सरासरी २८. आठही फाशांवर सहा पडायची शक्यता किती? १६,७९,६१६ मध्ये एक. दर सहा सेकंदांनी एक फेक, झोप नाही, जेवण नाही, अशा वेगाने तेवढ्या फेका टाकायला ११७ दिवस लागतात. गुढीपाडव्याला फेकायला बसलात तर उठेपर्यंत श्रावण उंबऱ्यावर आलेला असेल!

आणि हा मंत्र अजून तिसऱ्या पातळीचा आहे. मंत्रांच्या पातळ्या नऊ आहेत, विझर्डच्या लेव्हलपेक्षा वेगळ्या. जिना बराच उंच आहे, चला.

आधी खेळ कसा चालतो ते दोन ओळींत. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यांतला एक डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो गोष्ट सांगतो, राक्षस चालवतो, न्याय देतो. बाकीचे एकेक पात्र घेतात: कुणी फायटर, हातात तलवार, कुणी विझर्ड, काखेत मंत्रांची वही. डीएम विचारतो, ‘आता काय करतोस?’ खेळाडू सांगतो, फासे निकाल देतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव आहे. तिथून १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ बाहेर पडला. एक डबा, आत तीन पुस्तिका, पहिली छपाई अवघ्या १,००० प्रतींची.

आता पेच बघा. तलवारवाला आणि मंत्रवाला एकाच टेबलावर बसतात, एकच संध्याकाळ खर्चतात आणि दोघांनाही मजा हवी असते. एकाच्या हातात तीन फूट लोखंड, दुसऱ्याच्या हातात ९५ टँकर आग. यांना तोलायचं कसं? खेळाच्या जन्मापासून हा तराजू हलतोच आहे.

सुरुवातीचं उत्तर सोपं होतं: विझर्डला आधी रडवायचं. १९८१ चं बेसिक पुस्तक काढा. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचे हिट पॉइंट, म्हणजे त्याचा जीव, ठरतात चार बाजूंच्या फाशावर. चारातल्या एका जादूगाराच्या वाट्याला एकच पॉइंट येतो. मांजरीने पंजा मारला तरी भीती! फायटरला आठ बाजूंचा फासा. दुसऱ्या लेव्हलवर जायला चोराला अनुभवाचे १,२०० गुण पुरतात, फायटरला २,००० लागतात, जादूगाराला २,५००. आणि मंत्र? दिवसाला एक. त्या नियमांत लढाईची एक फेरी १० सेकंदांची होती, म्हणजे दिवसाच्या ८,६४० फेऱ्या. त्यांतली एक फेरी जादूगाराची. उरलेल्या ८,६३९ फेऱ्या त्याने कट्यार धरून फायटरच्या पाठीमागे लपायचं.

पण ती एक फेरी! ‘स्लीप’ हा मंत्र घ्या. आठ बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि जेवढी बेरीज येईल तेवढे गॉब्लिन, म्हणजे चिल्लर राक्षस, जागच्या जागी घोरायला लागायचे. सरासरी नऊ, जास्तीत जास्त सोळा. फायटर घाम गाळून फेरीला एक गॉब्लिन पाडणार, तोही वार लागला तर. जादूगार तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटणार आणि नऊ जण आडवे!

लेव्हल वाढत गेली की हा हिशेब आणखी भन्नाट होतो. खेळाडूंमध्ये एक बोलणं रूढ आहे: फायटर सरळ रेषेत वाढतो, विझर्ड वर्गाच्या पटीत वाढतो. कारण विझर्डचं सगळंच एकदम वाढतं. मंत्रांची संख्या वाढते, प्रत्येक मंत्राची ताकद वाढते आणि नव्या पातळ्यांची कुलपंही उघडत जातात. १९७४ च्या पुस्तिकांत जादूगाराच्या मंत्रांच्या पातळ्या सहा होत्या. लगेच १९७५ मध्ये ‘ग्रेहॉक’ ही पुरवणी आली आणि त्या नऊ झाल्या. पुढच्या अॅडव्हान्स्ड आवृत्तीतही फायरबॉलला लेव्हलमागे एक फासा मिळायचा आणि त्याला वरची मर्यादाच नव्हती. विसाव्या लेव्हलला वीस फासे, पंचविसाव्याला पंचवीस! १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने ब्रेक दाबला आणि दहा फाशांवर गाडी थांबवली.

तरी त्या आवृत्तीत एक मोठी गंमत शिल्लक होती. फायरबॉल साधारण ३३,००० घनफूट जागा भरणारच, असा नियम. मोकळ्या माळावर गोळा होईल, ठीक आहे. पण दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच भुयारात? आगीने पसरायचं कुठे? ती लांबीत पसरणार. तेहतीस हजार भागिले शंभर, बरोबर ३३० फूट. मुंबईच्या लोकलचे जवळजवळ पाच डबे! आग मधोमध फुटली तर दोन्ही बाजूंना १६५ फूट. शत्रू शंभर फुटांवर उभा आहे, आपला विझर्ड ऐटीत मंत्र टाकतो, शत्रू भाजतो आणि पाठोपाठ आपलाच सगळा गट भाजून निघतो. यालाही समतोलच म्हणायचं. जादूला लगाम घालायचं काम इथे भूमितीने केलं होतं. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने त्रिज्या पक्की केली आणि भुयारातल्या खेळाडूंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आतापर्यंत फक्त जाळपोळ झाली. खरी दमछाक पुढे आहे, कारण न जाळणारे मंत्र जास्त अवाढव्य आहेत. इथून पुढचे आकडे मुख्यतः २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे.

चौथी पातळी, कंट्रोल वॉटर. विझर्ड सातव्या लेव्हलला पोचला की हा त्याच्या हातात येतो. शंभर फूट लांब, शंभर रुंद, शंभर खोल एवढं पाणी त्याच्या ताब्यात. चढव म्हटलं की चढतं, दुभंग म्हटलं की दुभंगतं, प्रवाह उलटा फिरवता येतो. दहा लाख घनफूट पाणी! २६ फूट व्यासाची, ४० फूट पाणी असलेली भरली विहीर घ्या. अशा ४७ विहिरी. एका गावच्या नव्हे, पाच-सहा गावांच्या विहिरी एका माणसाच्या तर्जनीवर नाचताहेत!

पाचवी पातळी, वॉल ऑफ स्टोन. दहा फुटी चौरस दगडी फळ्या, सहा इंच जाड, एकूण दहा. ५०० घनफूट दगड सहा सेकंदांत उभा. सह्याद्रीतला काळा पाषाण धरला तर सुमारे ४१ टन. विझर्डने दहा मिनिटं लक्ष ढळू दिलं नाही की भिंत कायमची. नवव्या लेव्हलचा विझर्ड हे दिवसातून एकदा करू शकतो, म्हणजे रोज शंभर फूट लांब आणि दहा फूट उंच भिंत. मुंबई-पुणे धरू १५० किलोमीटर, म्हणजे सुमारे ४ लाख ९२ हजार फूट. भागा शंभराने. ४,९२१ दिवस. साडेतेरा वर्षांत एकटा माणूस मुंबईपासून पुण्यापर्यंत अखंड दगडी भिंत घालतो. गवंडी नाही, खडी नाही, सिमेंटची एक गोणी नाही. एकूण दगड दोन लाख टन!

सातवी पातळी, टेलिपोर्ट. फायटरला मुंबईहून पुण्याला जायचंय. नियमांप्रमाणे नेहमीच्या चालीने दिवसाला २४ मैल. खोपोली, घाट, लोणावळा, वडगाव करत बिचारा चौथ्या दिवशी पोचणार. विझर्ड काय करतो? स्वतः आणि सोबत आठ जण घेतो, मंत्र म्हणतो, सहा सेकंदांची एक फेरी आणि सगळे पुण्यात. ताशी वेग काढा: ९० हजार किलोमीटर! सेकंदाला २५ किलोमीटर. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला रॉकेटला सेकंदाला सव्वाअकरा किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. विझर्ड त्याच्या दुपटीहून जोरात आहे आणि घाम एक थेंब नाही. पुण्याच्या जागी नागपूर ठेवा, वेळ तेवढाच. दिल्ली ठेवा, तेवढाच. अंतराला इथे किंमतच नाही.

आठवी पातळी, कंट्रोल वेदर. पाच मैल त्रिज्येतलं हवामान आठ तासांपर्यंत विझर्डच्या मर्जीवर. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. दादर स्टेशनबाहेर उभं राहून त्याने मंत्र म्हटला तर दक्षिणेला मस्जिद बंदर, उत्तरेला सांताक्रूझ आणि ईशान्येला कुर्ला त्याच्या पावसाखाली. क्षेत्रफळ २०३ चौरस किलोमीटर. एवढ्या भागात फक्त एक सेंटीमीटर पाऊस पडू द्या. एकच सेंटीमीटर! पाणी झालं २०३ कोटी लिटर. पुन्हा आपले दहा हजार लिटरचे टँकर बोलवा. २ लाख ३ हजार टँकर! प्रत्येक टँकर आठ मीटर लांब धरून नाकाला शेपूट लावून उभे केले तर रांग १,६०० किलोमीटरच्या पुढे. मुंबई-पुणे अंतराच्या जवळपास अकरा पट!

आणि नववी पातळी, विश. इच्छा बोला, पुरी होते. आठव्या पातळीपर्यंतचा कुठलाही मंत्र फुकट घ्या, नाहीतर २५ हजार सुवर्णमुद्रांच्या किमतीची वस्तू हवेतून काढा. खेळात ५० मुद्रांचं वजन एक पाउंड. म्हणजे ५०० पाउंड, २२७ किलो सोनं! दहा ग्रॅमला सरळ एक लाख रुपये धरू, हिशेबाला सोपं. २२७ कोटी रुपये, सहा सेकंदांत. सेकंदाला ३७ कोटींहून जास्त!

इथे मात्र नियम लिहिणाऱ्यांनी दात दाखवलेत. दुसऱ्या मंत्राची नक्कल सोडून ‘विश’ वापरली की विझर्डची शारीरिक ताकद काही दिवस चिमणीएवढी होते. आणि आयुष्यात पुन्हा ‘विश’ न टाकता येण्याची शक्यता तब्बल ३३ टक्के. ही किंमत प्रत्येक काळात वेगळी होती. साडेतीनाव्या आवृत्तीत, २००३ मध्ये, एका ‘विश’साठी कमावलेल्या अनुभवातले ५,००० गुण मोजावे लागत. जुन्या अॅडव्हान्स्ड आवृत्त्यांत तर ‘हेस्ट’ हा वेग वाढवणारा मंत्र ज्याच्यावर टाकाल तो एका वर्षाने म्हातारा व्हायचा! सोनं, रक्त, अनुभव, वय. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकायला काहीही चालतं.

आता लढाईतलं शिखर. मीटिओर स्वॉर्म, नववी पातळी, आकाशातून चार उल्का, दीड किलोमीटरहून लांब अंतरावर टाकता येतात. प्रत्येकीची त्रिज्या ४० फूट. चारही एकमेकींना न शिवता पाडल्या तर २०,१०६ चौरस फूट. साडेअठरा गुंठे! अर्ध्या एकरात दीड गुंठा कमी. पटावरच्या पाच फुटी घरांत मोजलं तर ८०४ घरं. प्रत्येक घरात एक गॉब्लिन उभा करा. गॉब्लिनचा जीव ७ पॉइंट. उल्कांचं नुकसान ४० फासे, सरासरी १४०. आठशे चार गॉब्लिन, एका फेरीत, भुर्रकन!

विसाव्या लेव्हलचा फायटर आणा. फेरीला चार वार. एकही चुकला नाही, दर वाराला एक गॉब्लिन, तरी त्याला लागतात २०१ फेऱ्या. वीस मिनिटं आणि वर सहा सेकंद. नुसतं नुकसान मोजलं तर दरी आणखी रुंद. ८०४ गुणिले १४०, म्हणजे १,१२,५६० पॉइंट. फायटरचा एक वार सरासरी १२, फेरीला ४८. तेवढं नुकसान भरून काढायला २,३४५ फेऱ्या, जवळजवळ चार तास! त्याने पुण्यात पहिला वार केला त्याच क्षणी डेक्कन क्वीन सुटली असेल तर ती मुंबईला पोचून रिकामीसुद्धा झाली असेल आणि हा अजून तलवार फिरवतोच आहे.

चाळीस फासे म्हटलं तर मुठीत मावत नाहीत, बादलीत हलवावे लागतात. चाळीसच्या चाळीस फाशांवर सहा कधी येतील? शक्यता किती, तर तेरावर तीस शून्यं, त्यांत एक. कसं समजायचं हे? भारतातले सगळे १४० कोटी लोक घ्या. तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत प्रत्येकाच्या हातात बादली. प्रत्येकाने दर सेकंदाला चाळीस फासे टाकायचे. सुरुवात विश्वाच्या जन्माला, १,३८० कोटी वर्षांपूर्वी. आजपर्यंत एक सेकंद खाडा नाही. झाल्या का पुरेशा फेका? छे! असं विश्व पुन्हा पुन्हा, बावीस हजार वेळा, पहिल्यापासून चालवावं लागेल!

मग फायटर खेळणाऱ्याने फासे गुंडाळून घरी जायचं का? थांबा, आता पारडं दुसरीकडे झुकतं.

प्राचीन लाल ड्रॅगन समोर आणा. जीव ५४६ पॉइंट, म्हणजे बरोबर ७८ गॉब्लिन एका कातडीत. आगीने त्याला काही होत नाही. उल्कांच्या चाळीस फाशांतले वीस आगीचे, ते गेले वाया. उरले सरासरी ७०. ड्रॅगन मारायला आठ उल्कावर्षाव हवेत आणि विझर्डला नवव्या पातळीचा मंत्र दिवसातून एकदाच मिळतो. आठ दिवस! तेवढ्यात ड्रॅगन बरा होऊन विझर्डला दोनदा जेवून जाईल. फायटर? सगळे वार लागले तर १२ फेऱ्या, ७२ सेकंद. निम्मे हुकले तरी अडीच मिनिटांच्या आत निकाल.

आणि फायटरची तलवार संपत नाही. आठ तास लढला तर ४,८०० फेऱ्या, २ लाख ३० हजारांहून जास्त पॉइंट. विसाव्या लेव्हलच्या विझर्डकडे दिवसाचे स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या संध्या, एकूण २२. पाचव्या आवृत्तीत फेरी सहा सेकंदांची, दिवसाच्या फेऱ्या १४,४००. बावीस भागिले चौदा हजार चारशे. पाव टक्कासुद्धा नाही. विझर्ड क्षणाचा श्रीमंत, फायटर दिवसाचा.

म्हणून सगळा खेळ येऊन ठेपतो एका प्रश्नावर: दोन झोपांच्या मध्ये लढाया किती? २०१४ चं डीएमचं पुस्तक दिवसाला सहा ते आठ लढाया धरून चालतं. सात धरू, प्रत्येकी तीन फेऱ्या. २१ फेऱ्या आणि २२ स्लॉट. बघा कसं चपखल बसलं! उल्का एका फेरीत, बाकी वीस फेऱ्यांत काटकसर. पण खेळाडू हुशार असतात. एकच लढाई करतात, तीन फेऱ्यांत नववी, आठवी, सातवी पातळी उधळतात आणि तंबू ठोकून झोपतात. याला म्हणतात पंधरा मिनिटांचा दिवस. पंधरा मिनिटं पराक्रम, पावणेचोवीस तास विश्रांती! त्या दिवशी फायटरच्या हाती उरतं ते फक्त तंबूच्या खुंट्या ठोकणं.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने हा प्रश्न मुळातूनच उपटला. सगळ्यांना एकच साचा दिला: काही डावपेच हवे तेव्हा, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. फायटरलाही आणि विझर्डलाही. फायरबॉलसुद्धा चौकोनी झाला, सात घरं बाय सात घरं, १,२२५ चौरस फूट. गोळ्याच्या गुंठ्यातून फक्त ३२ चौरस फूट गेले, पण आगीचे कोपरे निघाले! तराजू सरळ झाला, मात्र सगळे सारखेच वाटू लागले अशी कुरकुर उठली. जुन्या धर्तीचा ‘पाथफाइंडर’ हा खेळ २००९ मध्ये आला आणि बरेच खेळाडू तिकडे वळले. २०१४ ला विझर्ड पुन्हा विझर्ड झाला.

आणि लगेच कुणीतरी फट शोधली. सिम्युलॅक्रम हा सातव्या पातळीचा मंत्र बर्फातून आपली हुबेहूब प्रतिकृती बनवतो. प्रतिकृतीकडे मालकाचा ‘विश’ शिल्लक. ती ‘विश’ वापरून आणखी एक प्रतिकृती बनवते, ती पुढची, ती त्याच्या पुढची. दर सहा सेकंदांना एक विझर्ड! तासाला ६००. दिवसाला १४,४००. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या लोकलमध्ये सुमारे पाच हजार माणसं कोंबलेली असतात. म्हणजे तीन लोकल जवळजवळ भरतील एवढे विझर्ड, रोज, आणि प्रत्येकाच्या झोळीत फायरबॉल! प्रत्येकाने एकेक टाकला तर दिवसाला १६ हजारांहून जास्त गुंठे, चारशे एकरांच्या वर जमीन. २०२४ च्या नियमांत यावर उपाय आला. केवढा? एका वाक्याचा: प्रतिकृतीला हा मंत्र टाकता येत नाही. एका वाक्याने तीन लोकल रिकाम्या!

पण शेवटचा आकडा एका वाक्याला दबणारा नाही. तो नुकसानाचा नाही, निवडीचा आहे.

विझर्डच्या वहीत पहिल्या लेव्हलला सहा मंत्र असतात, पुढे लेव्हलमागे दोन वाढतात. विसाव्या लेव्हलला ४४. रोज सकाळी त्यांतले २५ निवडून डोक्यात भरायचे. किती तऱ्हांनी निवडता येतात? १ लाख ४० हजार कोटी तऱ्हांनी! रोज एक वेगळी यादी काढली तर सगळ्या संपायला ३८६ कोटी वर्षं. पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी. पृथ्वी तरुण होती तेव्हा वही उघडली असती तर आता कुठे शेवटच्या पानांवर आलो असतो. ही झाली फक्त सकाळ. मग २२ स्लॉट कुठल्या क्रमाने खर्चायचे? नुसत्या पातळ्यांचे क्रम होतात ९० कोटी कोटी. प्रत्येक स्लॉटला मंत्र कोणता? कंजूषपणा करून सरासरी तीनच पर्याय धरा, तरी आणखी ३,१३८ कोटी. आता तिन्ही आकडे गुणा.

चारावर अडतीस शून्यं!

आठवताहेत ना ते चाळीस फासे? १४० कोटी भारतीय आणि बावीस हजार विश्वं? हा आकडा त्याच्याही तीन कोटी पट. विझर्डचा एक दिवस. कोणावर मंत्र टाकायचा हे तर अजून मोजलंच नाही.

यांतल्या बहुतेक तऱ्हा मूर्खपणाच्या, कबूल. ड्रॅगनसमोर दार उघडायचा मंत्र कोण टाकेल? पण ती मोकळीकच विझर्डची खरी दौलत आहे. फाशाला मर्यादा घालता येते, गोळा चौकोनी करता येतो, प्रतिकृतीचं तोंड बांधता येतं. पर्याय मात्र पुस्तकागणिक वाढतच गेले, कारण नवं पुस्तक म्हणजे नवे मंत्र. फायटर दहा लेव्हल चढला तरी त्याच्या हातात आणखी वार येतात, विझर्डच्या हातात आणखी वाटा. म्हणून नियम लिहिणारे जी तडजोड सांगतात ती वेळेची असते. पर्याय अफाट असू देत, ते वापरायच्या संध्या बावीसच, आणि संध्या परत भराव्यात तर आठ तासांची शांत विश्रांती हवी, तीही चोवीस तासांत एकदाच.

म्हणजे एका पारड्यात चारावर अडतीस शून्यं, ४७ विहिरी, दोन लाख टँकर, साडेअठरा गुंठे आग आणि २२७ कोटींचं सोनं. दुसऱ्या पारड्यात डीएम. बावीसचे बावीस स्लॉट संपलेत, विझर्ड अंथरूण पसरतोय, आणि डीएम हसत म्हणतो, ‘तंबूबाहेर पावलं वाजताहेत. सातवी लढाई. फायटर, तू काय करतोस?’